चार वारांचे उपास

कॉलेजात असताना मी फार देवभोळी होते, असं आमच्या नात्यागोत्यात अजून सांगतात. सांगू देत. देवभोळी वगैरे काही नव्हते, कंजूष होते. आणि त्यातही आपण फार हुशार आहोत असं समजणारी, म्हणजे अगदी वाईट प्रकार.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझं गाव आत, डोंगराच्या अंगाला. रत्नागिरीत एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन मी बी.ए. करत होते. वडिलांनी दोन वर्षांचा खर्च कबूल केला होता. तिसऱ्या वर्षाचं विचारलं की म्हणायचे, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे नाही. तेव्हा शेवटच्या वर्षाची फी आपणच जमवायची, असं बाईसाहेबांनी ठरवलं. जमवायची कशातून? माझ्या हातात पैसा यायचा तो एकच, खानावळीचा.

खानावळ एका विधवा काकूंची होती. आदल्या दिवशी सांगून ठेवलं, तर न जेवलेल्या वेळेचा त्या खाडा धरत आणि महिनाअखेरीस तेवढे पैसे कमी घेत. पण नुसतं "उद्या जेवत नाही" म्हटलं की दहा प्रश्न. उपास आहे म्हटलं की एकही नाही. मग काय, मी उपास धरले. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी काकूंकडे मासे असत. त्या वारांचा कुठलाच देव मला आठवला नाही.

उपासाच्या दिवशी खोलीवर जाऊन चणे-फुटाणे खायचे, जे उपासाला चालतही नाहीत. चढावर डोळ्यांपुढे अंधारी यायची; मैत्रिणीला मी ते जागरणामुळे म्हणून सांगायचे. पावडरच्या रिकाम्या डब्यात पैसे साठत होते आणि माझ्या मनगटांची हाडं दिसायला लागली होती. काकू मात्र माझ्याकडे बघून हात जोडायच्या. त्यांचे हात जोडलेले बघून मला हसू यायचं. आता त्या हसण्याचीच कीव येते.

एका मंगळवारी मैत्रीण जेवत होती आणि मी शेजारी पाण्याचा पेला घेऊन बसले होते. काकूंची एक लांबची नणंद गणपतीपुळ्याहून दर्शन करून परतताना तिथे जेवायला उतरली होती. बाई माझ्याकडे बघत राहिली. काकू कौतुकाने तिला म्हणाल्या, "आठवड्याचे चार वार धरते हो. तोंडातून कधी भूक लागली म्हणून निघायचं नाही."

झालं. बाईंचा मुलगा मुंबईला गोदीत नोकरीला होता, आणि त्यांना घरात अशीच सून हवी होती, तोंडातून काही न निघणारी.

पंधरवड्यात वडील खोलीवर आले. पाहुण्यांना हुंडा नको, लग्नही साधंच करू म्हणतात, अशी माणसं शोधून सापडत नाहीत, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. मी डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला. उपास खोटे होते, पैसे वाचवायला केले, ही शेवटच्या वर्षाची फी आहे, आता नाही म्हणून कळवा, असं सगळं एका दमात बोलले. कितीतरी दिवस मनात घोळवलेलं भाषण होतं ते. मला वाटलं, माझ्या जिद्दीने त्यांचा ऊर भरून येईल.

ते डब्याकडे बघत बसले. मग माझ्या मनगटाकडे.

"बाय, हे कुठे बोलू नको," ते म्हणाले. "लोक म्हणतील, बापाने पोरीला उपाशी ठेवली."

आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढे वाद घालता येईना. वडिलांशी भांडायची मी पूर्ण तयारी केली होती. ते असे लाजतील, याची केली नव्हती. मी होकार दिला. डब्यातल्या पैशांतून लग्नाची ट्रंक आली. हिरवी, वर कमळं रंगवलेली.

सासर केळशीला. समुद्र दारात, घरात रोज ताजी मासळी. सासूबाईंनी माझे चार वार तसेच चालू ठेवले, वर आपल्या संकष्ट्याही माझ्याकडे दिल्या. त्यांना म्हणे आता झेपत नव्हत्या. चुलीपुढे बसून मी इतरांसाठी मासे तळायचे. मार्चमध्ये रत्नागिरीला माझी मैत्रीण शेवटच्या वर्षाचे पेपर देत होती, तेव्हा मी साबुदाणा भिजवत होते.

शिमग्याला हे मुंबईहून आले. मी पानावर बसत नाही हे बघून रात्री म्हणाले, एवढे उपास कशापायी करतेस? मी खरं ते सांगितलं. खाडा, चणे, पावडरचा डबा, सगळं. हे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. चांगलीच लबाड आहेस, म्हणाले, आणि कूस बदलून झोपी गेले.

पैसे कशासाठी साठवत होते, ते त्यांनी विचारलं नाही.