मागच्या सीटमागची बॅटरी

माझा मावसभाऊ परदेशी निघाला तेव्हा त्याची गाडी मी घेतली. तो पुण्यातला डॉक्टर, गाडी जपून वापरलेली, पण आठ वर्षांची. लांबलचक, आलिशान, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रीड. मी इंदापुरात उभा जन्म गणित शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. असली गाडी आपल्या दारात उभी राहील असं स्वप्नातही आलं नव्हतं.

कारण होतं आबांचं. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांचं डायलिसिस सुरू झालं होतं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, बारामतीला. नवरा नोकरीसाठी नाशिकला, म्हणून ने-आण माझ्याकडं. आमच्या जुन्या गाडीतून परत येताना आबा दरवाजाची कडी दोन्ही हातांनी धरून बसायचे. प्रत्येक खड्डा त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचा. मावसभाऊ म्हणाला, "ही घे. ह्यात त्यांना कळणारसुद्धा नाही रस्ता कुठं संपला आणि खड्डा कुठं सुरू झाला."

खरंच तसं होतं. पहिल्याच शुक्रवारी परत येताना भवानीनगरच्या अलीकडंच आबांना झोप लागली. गाडी हळू चालली की इंजिन आपोआप बंद व्हायचं आणि बॅटरीवर ती नुसती सरकत राहायची. बाहेरचा ट्रॅक्टर ऐकू यायचा, पण आमची गाडी ऐकू यायची नाही.

आबांना मात्र हे शांतपण सुरुवातीला पटलं नाही. ते चाळीस वर्षं ऊसवाहतुकीच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. इंजिनाच्या आवाजावरून कुठला नट ढिला आहे ते सांगायचे.

"सूनबाई, गाडी चालू हाय का बंद?" सिग्नलला थांबलं की ते विचारायचे.

"चालू आहे, आबा."

"मग बोलत का न्हाय?"

डायलिसिसनंतर त्यांना थंडी वाजायची. म्हणून मी मागच्या सीटवर त्यांचं घोंगडं अंथरायची आणि डाव्या बाजूला एक जाड उशी खोचून ठेवायची, म्हणजे डोकं टेकायला बरं. चार-पाच महिने असे गेले. मग एक दिवस आबा म्हणाले, "माज्या पाठीमागं कायतरी घुमतंय. भुंगा अडकल्यागत."

मी गाडी थांबवून पाहिलं. मला काही ऐकू आलं नाही. पुढच्या खेपेला ते पुन्हा म्हणाले, "आज भुंगा जोरात हाय." मी म्हटलं, "एसी असेल, आबा." आजारी माणूस आहे, कंटाळा येत असेल, असं मनात धरून मी तो विषय सोडून दिला. ह्याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतरच्या मंगळवारी, दुपारी परत येताना, अंथुर्णे मागं पडलं आणि समोरच्या पडद्यावर लाल त्रिकोण उमटला. हायब्रीड यंत्रणा तपासा, गाडी सुरक्षित जागी थांबवा, असा मजकूर. गाडीतला जोरच गेला. मी कशीबशी बाजूला घेतली. दोन्हीकडं ऊस, वर ऊन आणि मागं घोंगड्यात गुंडाळलेले आबा.

मी घाईघाईनं फोनमध्ये कुणाचा तरी नंबर शोधू लागले. आबा मात्र शांत. म्हणाले, "बंद कर. जरा थंड हू दे. मग बघू." वीस मिनिटं थांबलो. पुन्हा चालू केली तर लाल खूण तशीच, पण गाडी सरकली. बैलगाडीच्या चालीनं आम्ही इंदापूर गाठलं.

पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. गाडी ट्रकवर घालून आणा, बहुतेक सगळी बॅटरीच बदलावी लागेल, असं उत्तर मिळालं. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. आबा म्हणाले, "हायवेकडंच्या भाईला दाखीव. त्यो मोटार उघडायच्या आधी इचार करतो."

हा भाई म्हणजे आमच्याकडचा एक मिस्त्री. वय पन्नाशीच्या पुढं, पांढरी टोपी, खिशाला कायम एक टेस्टर. आधी विहिरींवरच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा, पुढं गाड्यांच्या वायरिंगमध्ये शिरला. त्याची थोरली मुलगी माझी विद्यार्थिनी, त्यामुळं मला तो 'बाई' म्हणायचा.

त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. बॉनेट उघडलं. आतल्या जाड नारिंगी वायरी पाहिल्या आणि हात मागं घेऊन बॉनेट लावून टाकलं.

"बाई, खरं सांगू का? हे मला येत न्हाय. ह्या नारिंगी वायरीत दोनशेच्या वर व्होल्ट अस्त्यात, एवढं ठावं हाय. चुकीचा हात लागला तर मानूस जातो. मला पंधरा दिस द्या. शिकतो आनि मग हात लावतो."

आयुष्यभर मी मुलांना सांगत आले, येत नसेल तर येत नाही म्हणा. पण पन्नाशीतल्या नावाजलेल्या कारागिरानं, गॅरेजात चार गिऱ्हाईकं उभी असताना, इतक्या सरळपणे ते म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी निघाले तसा तो म्हणाला, "शुक्रवारी आबांना न्यायचं आसंल न्हवं? माजी व्हॅन घेऊन जावा. एसी चांगला हाय तिचा."

ते पंधरा दिवस त्यानं काय केलं ते मला त्याच्या मुलीकडून कळत होतं. वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये एक निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनिअर राहत होते. भाई रोज संध्याकाळी दुकान बंद करून त्यांच्याकडं जायचा. मोठ्या दाबाच्या विजेशी कसं वागायचं हे त्यांच्याकडून शिकायचा. मोबाईलवर अशाच बॅटऱ्या उघडणाऱ्या लोकांचे व्हिडिओ पाहायचा. इंग्रजी अडलं की मुलीला फोन. कोपरापर्यंत येणारे खास रबरी हातमोजे त्यानं पुण्याहून मागवले. ते आल्यावर इंजिनिअरसाहेबांनी त्याला त्यात हवा भरून, पिळून, कुठं बारीक भोक आहे का ते पाहायला शिकवलं. पहिल्या जोडीतल्या एका बोटातून हवा सुटली. ती जोडी त्यानं परत पाठवली आणि दुसरी येईपर्यंत कामाला हात लावला नाही.

सोळाव्या दिवशी फोन आला. "बाई, या. आबांनाबी आना."

"आबांना कशाला?"

"मागं त्येच बसत्यात न्हवं? त्यास्नी इचारायचंय."

आबांना खुर्ची दिली, चहा दिला आणि मिस्त्री त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "आबा, बंद पडायच्या आधी काय झालं? काय ऐकलं, कसला वास आला, समदं सांगा."

आबांनी भुंग्याची हकिगत सांगितली. कधी सुरू झाला, चढाला वाढायचा, सावलीत थांबलं की कमी व्हायचा. कुठल्या बाजूनं यायचा तेही सांगितलं. मिस्त्री ऐकता ऐकता गाडीच्या मागच्या सीटकडं बघत होता. मग उठून गाडीचा मागचा दरवाजा उघडला आणि माझी उशी बाजूला केली. सीटच्या कडेला एक जाळी होती. मला ती शोभेची वाटायची.

"बाई, ह्या जाळीतनं बॅटरी श्वास घेती. सीटमागं बॅटरी हाय, तिला गार ठेवायला पंखा हाय. भुंगा म्हंजे त्यो पंखा. जीव तोडून वढत हुता बिचारा."

त्यानं जाळी काढली, आतली गाळणी काढली. तिच्यावर काळ्या लोकरीचा दाट, घट्ट थर बसला होता. आबांच्या घोंगड्याची लोकर. आणि वरून माझी उशी. म्हणजे बॅटरीचं नाक मीच दाबून धरलं होतं.

माझा चेहरा पाहून आबा म्हणाले, "जाऊ दे. मला ऊब मिळाली."

पण नुसती गाळणी साफ करून भागलं नाही, लाल खूण परत आली. मग मिस्त्रीनं हातमोजे घातले, बॅटरीचा मुख्य प्लग उपसून स्वतःच्या खिशात ठेवला आणि घड्याळ लावून दहा मिनिटं नुसता उभा राहिला. आत साठलेली वीज उतरायला तेवढा वेळ लागतो. कुणी घाई केली तरी त्या दहा मिनिटांत तो गाडीला शिवला नाही. मीटर लावून शून्य पाहिलं, मगच पाना उचलला.

बॅटरी बाहेर आली. सेल भरलेल्या लहान लहान डब्यांच्या सतरा जोड्या, ओळीनं मांडलेल्या. त्यांना सांधणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढला होता. त्यानं एकेक पट्टी लिंबाच्या रसानं आणि पॉलिश पेपरनं घासून लख्ख केली. मग प्रत्येक जोडीला ट्रकच्या हेडलाइटचा बल्ब जोडून तिच्यावर भार टाकायचा आणि व्होल्ट किती उतरतात ते पाहायचं, असं सुरू झालं. आकडे तो हातावर पेनानं लिहीत होता. ते बघून माझ्यातली शिक्षिका जागी झाली.

"भाई, तुम्ही मोजा. मी लिहिते."

मी वहीवर रकाने आखले. भाराच्या आधी, एका मिनिटानं, पाच मिनिटांनी. दोन दिवस आमचं हेच चाललं होतं. सोळा जोड्या एकमेकींच्या जवळपास उतरत होत्या. नववी, अगदी मधली, पहिल्या मिनिटाला इतरांसारखीच दिसायची आणि पाचव्या मिनिटाला धाडकन खाली यायची. मी आलेख काढून त्याच्यापुढं धरला.

त्यानं नवव्या रेघेवर बोट ठेवलं. "मधली हाय. तिथंच उष्णता कोंडती. बरोबर हाय, बाई. हीच हाय."

पुण्यात अपघातात मोडलेल्या तशाच गाडीची बॅटरी त्यानं शोधली. तिच्यातली हाताला लागेल ती जोडी सरळ बसवली नाही. सगळ्या जोड्यांवर बल्बाचा तोच प्रयोग केला. आमच्या सोळा जणींशी जिचा आलेख सर्वांत जुळला तीच निवडली. गाडी पुन्हा जोडून झाल्यावर चावी त्यानं आबांच्या हातात दिली. "तुमी चालू करा."

आबांनी ड्रायव्हरच्या सीटवर बसून बटण दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली, लाल काही नाही. आवाजही नाही. आबा मान कलती करून ऐकत राहिले. मग म्हणाले, "झ्याक हाय."

ह्याला आता दोन वर्षं होऊन गेली. उशी उजवीकडं गेली, घोंगड्याच्या जागी सुती चादर आली. गाळणी दर महिन्याला मीच काढून साफ करते, दहा मिनिटांचं काम. दर सहा महिन्यांनी भाई सतरा जोड्या मोजतो आणि मी ते आकडे जुन्या वहीशी ताडून पाहते. आबांचं डायलिसिस चालू आहे. ते थकलेत, पण बारामतीला जाताना गाडी जरा वेगळी वागली तर सगळ्यांत आधी त्यांनाच कळतं, आणि आता मी लगेच गाडी बाजूला घेते.

गेल्या महिन्यात बारामतीचे दोन गॅरेजवाले मिस्त्रीकडं शिकायला आले. तसल्या गाड्या आता तिकडंही येऊ लागल्यात. आकड्यांचं गणित समजावून सांगायला त्यानं मलाही बोलावलं. मी वही घेऊन पोचले, तेव्हा दोघं उत्साहानं एका उघड्या बॅटरीकडं सरकत होते. मिस्त्रीनं त्यांना अडवलं.

"आधी हातमोजे फुगवून दावा," तो म्हणाला. "मग बाई शिकवत्याल."

दोघंही मोठी माणसं, पण निमूटपणे गाल फुगवून हवा भरत बसली. मी भिंतीवरच्या फळ्यावर रकाने आखायला घेतले.