उरलेलं उद्या

आबा कॉम्प्युटरसमोर बसायचे ते टोपी घालून. एरवी घरात बनियनवर हिंडणारा माणूस, पण "फोरम लाव" म्हणायच्या आधी अंगात सदरा आणि डोक्यावर पांढरी टोपी चढलेली असायची. मी एकदा विचारलं, "आबा, तिथं कोण बघतंय तुम्हाला?"

"चार मानसांत बोलायचं म्हनल्यावर उघड्या डोक्यानं बोलत्यात व्हय?" ते म्हणाले. "तू टाइप कर."

टाइप मी करायचे. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि त्यातल्याच एकात मी बायोलॉजी शिकवायचे. नवरा दुसऱ्या क्लासमध्ये गणित शिकवायचा. दोघांच्या पगारावर घर चालायचं आणि संध्याकाळपर्यंत दोघांचाही घसा बसलेला असायचा. कॉम्प्युटर घेतला तो प्रश्नपत्रिका टाइप करायला. त्याच्यावर माझे वडील अख्ख्या मराठवाड्याचं राजकारण चालवतील असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आबा माझ्याकडे आले तेव्हा बोलतच नव्हते. म्हणजे "पाणी दे", "दूध तापलं का" एवढं बोलायचे. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. गावात मारुतीसमोर पार होता आणि दिवे लागायच्या वेळी आबा त्या पारावर जाऊन बसायचे. त्यांच्यासमोर आमच्या शेजारचे काका बसायचे. दोघांचं जगातल्या एकाही गोष्टीवर एकमत नव्हतं. आबांनी पूर्व म्हटलं की काकांनी पश्चिम म्हणायचं आणि बाकीच्यांनी तंबाखू मळत ऐकायचं. पारावर एक रीत होती. वाद रंगात आला, एखादा हरायला आला, की दोघांतल्या कुणीतरी तिथंच थांबायचं आणि म्हणायचं, "उरलेलं उद्या." कुणाला साफ हरवून उठायचं नाही. हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही, मग भांडायचं कुणाशी, असा साधा हिशोब त्यामागं होता.

भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी गावात गणपती विसर्जनाची धांदल होती, तरी पार भरलाच होता. विषय होता कालव्याच्या पाण्याचा. आबांनी काकांना चांगलंच कोंडीत धरलं होतं. काका हसले, धोतर झटकून उठले आणि म्हणाले, "याला उत्तर हाय माज्याजवळ. पर उरलेलं उद्या." पहाटे भूकंप झाला. काका त्यात गेले. त्यांच्याजवळ काय उत्तर होतं ते आबांना कधीच कळलं नाही.

पुढं नवं गाव वसलं. रस्ते रुंद, घरं सरळ रांगेत, पण कुणाला किती जमीन यावर घरं वाटली गेली आणि जुने शेजारी चारी दिशांना पांगले. पारही बांधून दिला होता सिमेंटचा. त्याच्यावर शेळ्या बसायच्या. आई होती तोवर आबांनी तिच्याशी भांडून वेळ काढला. ती गेल्यावर ते पुरते गप्प झाले आणि मी त्यांना लातूरला उचलून आणलं. उचलून म्हणजे खरोखर भांडून. "लेकीच्या घरी किती दिस ऱ्हावं मानसानं?" हे त्यांचं पालुपद रोज चालायचं आणि रोज माझं डोकं तापायचं.

फोरमचा शोध योगायोगानं लागला. मराठवाड्यातली, पुण्याला नोकरीला असलेली काही मंडळी इंटरनेटवर तो चर्चेचा मंच चालवायची. सगळे टोपणनावानं लिहायचे. मी एका दुपारी वाचत बसले होते. नवं महसूल आयुक्तालय लातूरला व्हावं की नांदेडला, यावर तिथं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. नांदेडचा एकजण लातूरकरांना नुसता सोलून काढत होता. मी चिडून त्याचं एक वाक्य मोठ्यानं वाचलं. आबा खाटेवर पडले होते. ते उठून बसले.

"काय म्हनला त्यो? परत वाच."

मी परत वाचलं.

"न्हाई न्हाई, हे साफ चुकीचं हाय. त्याला सांग."

अशी सुरुवात झाली. टोपणनाव म्हणून मी 'आबा' एवढंच टाकलं. आबा खोलीत फेऱ्या मारत बोलायचे आणि मी टाइप करायचे. पण पारावरची सवय जाईल कुठं? त्यांना थेट मुद्द्यावर येताच येईना. आधी रामराम. तोही सगळ्यांना मिळून एक नाही, चर्चेत जेवढे असतील तेवढ्यांना वेगवेगळा. मग तिकडं पाऊस कसा आहे, जनावरं बरी आहेत का, आणि त्यानंतर, "आता तुमचं म्हननं कसं खोटं हाय ते सांगतो." पुण्यात एसीत बसलेल्या पोरांना हा माणूस आपली टर उडवतोय असं वाटायचं. एकानं लिहिलं, "माझ्याकडे जनावरं नाहीत, मुद्द्याचं बोला." आबांना त्याची फार दया आली. "बिचाऱ्याकडं एक म्हस बी न्हाई," म्हणाले.

त्या नांदेडवाल्याला मात्र हे सगळं समजायचं. तो उलट रामराम घालायचा, नांदेडला पाऊस झाला की नाही ते सांगायचा आणि मग आबांच्या एकेका मुद्द्याची सालं काढायचा. आबा खुर्चीच्या पाठीवर थाप मारून ओरडायचे, "वा रे पठ्ठ्या! आता लिही, ह्येचं काय?" मी आत भाजी करपू देऊन लिहायचे. कारण आबांचा एकच हट्ट असायचा, आजचं आजच. वाद अर्धा टाकून उठायला ते तयार नसायचे. मी म्हणायचे, "आबा, उद्या लिहू की." त्यावर त्यांचा चेहरा असा व्हायचा की मी मुकाट्यानं पुन्हा की-बोर्ड ओढायचे. "उद्या" या शब्दावर त्यांचा विश्वास राहिलेला नव्हता, हे मला कळत होतं. बाकी माणूस पार बदलला होता. जेवण वाढलं होतं, रोज दाढी करायला लागले होते, क्लासच्या पोरांना जिन्यात अडवून आयुक्तालयावर त्यांचं मत विचारायचे. नीटची, सीईटीची तयारी करणारी ती पोरं जीव मुठीत धरून पळायची. मी इतकी खूश होते की मला भाजी करपल्याचंही काही वाटत नव्हतं.

मग आबांनी एक उद्योग केला. म्हणजे सांगितला त्यांनी, टाइप मीच केला. त्यांनी मला नांदेडवाल्याला उद्देशून लिहायला लावलं, "असं लांबून भांडन्यात मजा न्हाई. घरी या. कवाबी या. भाकरी, पिठलं, ठेचा, जे असंल ते खाऊ अन् समोरासमोर बोलू." खाली घराचा पूर्ण पत्ता. कुठल्या चौकातून वळायचं, कुठल्या क्लासच्या बोर्डाखालून आत यायचं, दारासमोर कडुलिंब आहे. शिवाय फोन नंबर. मला कुठं काय वाटलं? आमच्याकडं पाहुण्याला बोलवायचं तर पत्ता देतातच.

दुसऱ्या दिवशी आबांचं खातं बंद झालं. स्वतःची माहिती देणं नियमाबाहेर आहे, शिवाय विषय सोडून बोलण्याबद्दल आधी समज दिली होती, असं चार ओळींत लिहून आलं. समज दिली होती हे खरंच. "कृपया अभिवादन टाळावे" असं काहीतरी होतं, आणि ते आम्ही हसण्यावारी नेलं होतं. मी रागारागानं मंचवाल्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यांनी उत्तरात मला नियमांचं पान पाठवलं. चूक त्यांची नव्हती, पण मला त्या दिवशी त्या सगळ्यांना एका ओळीत उभं करून अंगठे धरायला लावावं असं वाटत होतं.

आबांना मी सांगितलं तेव्हा ते खाटेवर टेकले. मग म्हणाले, "पारावरनं उठिवलं म्हन की मला."

आमच्या गावात याच्याइतकी मोठी शिक्षा नव्हती. आबांनी टोपी काढली, घडी घातली आणि कापडी पिशवीत सगळ्यात खाली ठेवली. तिच्यावर धोतरं, सदरे, चष्म्याचं घर. "रविवारच्या गाडीनं गावाकडं जातो," म्हणाले. मी रडले, भांडले, नवऱ्यानंही समजावलं. ते ऐकून घ्यायचे आणि पुन्हा खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडायचे. तिकडं गावात शेळ्या बसलेल्या त्या पारासमोर आबा एकटे दिवस काढताहेत, हे माझ्या डोळ्यांपुढून हलेना. एकदा गेले की ते परत यायचे नाहीत आणि परत बोलायचेही नाहीत, याची मला खात्री होती.

शनिवारी दुपारी दार वाजलं. बाहेर साठीच्या पुढचे एक गृहस्थ उभे होते. खिचडी दाढी, डोक्यावर विणलेली गोल टोपी, हातात मिठाईचा पुडा. उन्हानं चेहरा लाल झाला होता.

"आबा हायेत का?" त्यांनी विचारलं. "मी नांदेडहून आलो. भाकरीचं आमंत्रण होतं."

आम्हाला वाटायचं नांदेडवाला म्हणजे कुणी तिखट जिभेचा तरुण वकील असणार. हे तर घड्याळांचे दुकानदार निघाले, तीन पिढ्या नांदेडच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणारं घराणं. पत्ता मंचावरून पुसला जायच्या आत त्यांनी उतरवून घेतला होता.

"आबा," मी आत ओरडले, "नांदेडवाले आलेत!"

आबा खाटेवरून असे उठले की खाट करकरली. दोन पावलं दाराकडं आले, पाहुण्याच्या डोक्याकडं त्यांची नजर गेली आणि ते जागच्या जागी थांबले. "बग, टोपी घालून आलेत," मला दबक्या आवाजात म्हणाले आणि तसेच मागं फिरले. पिशवी त्यांनी खाटेवर उलटी केली. धोतर इकडं, सदरा तिकडं, चष्म्याचं घर खाटेखाली. टोपी सापडली. ती डोक्यावर ठाकठीक बसवून ते बाहेर आले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "रामराम पाव्हणं. पाऊस हाय का तिकडं?"

"आदाब आबा. पाऊस बरा हाय. पण तुमी गप झाल्यापास्नं दुकानात करमंना. रोज चार लोक विचारून राहिले, लातूरचा म्हातारा काय म्हनला? मी काय सांगू? म्हनलं, जाऊन बघून येतो."

आबांनी त्यांना मिठीच मारली. त्यानंतर पाणीही प्यायच्या आधी वाद सुरू झाला. मी भाकरी थापत होते आणि बाहेरून आवाज चढत होते. कडुलिंबाखाली क्लासची पोरं जमून ऐकायला लागली, म्हणजे पार भरला म्हणायचा. जेवताना ठेचा खाऊन नांदेडवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी बोलणं थांबलं नाही.

"बसनं आलात न्हवं?" आबांनी विचारलं. "कसा झाला प्रवास?"

"काय सांगू आबा, कंबर ढिली झाली पुरी."

आबा मांडीवर थाप मारून खदखदा हसले. "एक डाव आलात तर कंबर ढिली झाली. मग आमच्या निलंग्याच्या मानसानं एका सहीसाठी सारखं तिकडं यायचं व्हय?"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. नांदेडवाले सापडले होते, पण कच्चे नव्हते. हात पुसत म्हणाले, "हाव, मान्य. पण मग देगलूरच्या, किनवटच्या मानसाची कंबर काय लोखंडाची हाय? त्यानं लातूरला यावं? द्या जवाब."

सगळे आबांकडं बघायला लागले. आबांनी टोपी मागं सरकवली. त्यांचे डोळे चमकत होते. मी त्यांना ओळखते, त्यांच्याजवळ उत्तर तयार होतं. पण गाडीची वेळ झाली होती आणि पाहुणे चपला शोधत होते. आबांनी त्यांच्याकडं बघितलं. मग ते हळूच म्हणाले, "याला उत्तर हाय माज्याजवळ. पर उरलेलं उद्या."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. भूकंपानंतर हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेच नव्हते. पाहुण्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते हसून "चालतंय" म्हणाले आणि नवऱ्याच्या स्कूटरवर बसून स्टँडकडं गेले.

रविवारी सकाळी आबा लवकर उठले, दाढी केली आणि खुर्चीत बसून राहिले. कपडे अजून खाटेवर तसेच पसरलेले होते. त्यांना हात लावायचं धाडस मला झालं नाही आणि गाडीचं नावही कुणी काढलं नाही. आबा मधूनच फोनकडं बघत होते, मग बघितलंच नाही असं दाखवत होते. दूध गॅसवर ठेवलं आणि फोन वाजला. मी उचलला.

"बेटी, आबांना द्या," पलीकडून आवाज आला. "म्हनावं, उजाडलं. काय उत्तर होतं तुमचं?"

मी फोन आबांच्या हातात दिला. ते ऐकत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. मग फोनवर हात ठेवून माझ्यावर खेकसले, "बगती काय? टोपी दे."