चकल्या करपल्या तर पहिलं पान

बंगळूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं पहिलं पान अध्यक्षांचं, अशी रीतच होती. नव्वदच्या दशकात अंक माझ्याकडे आला, तेव्हा मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, "लेखकाचं नाव झाकून वाचणार. जे धरून ठेवील ते पुढे." सगळे हसले. पुण्याहून आलेली बाई, चार दिवस उड्या मारील नि गप्प बसेल, असं त्यांना वाटलं असावं.

दिवाळीआधी दर रविवारी हॉलमागच्या स्वयंपाकघरात बायका विक्रीसाठी चकल्या करायच्या. मंडळाचा कारभार त्यावरच चालायचा. बहुतेकजणी पिढ्यान् पिढ्या इथंच दुकानं चालवणाऱ्या घरांतल्या. मी स्टुलावर बसून आलेलं साहित्य त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. मत कुणालाच विचारायची नाही. सोऱ्यावरचे हात थांबले की कथा घेतली, चालू राहिले की परत पाठवली. "याला काय संपादन म्हणतात?" असं समितीतले विद्वान कुजबुजायचे. मला संताप यायचा. अंक वाचणार कोण होतं, ते की या बायका?

त्या वर्षी युरोपचं एक प्रवासवर्णन आलं. नाव झाकून काय उपयोग? अध्यक्षांच्या सहलीचे फोटो सगळ्यांनी दोनदोनदा पाहिले होते. मी वाचत गेले आणि घाणे भराभर निघत गेले. मग दुसरी कथा घेतली. नवरा गेल्यावर त्याच्या कापडदुकानाच्या गल्ल्यावर जाऊन बसणाऱ्या बाईची. दीर किल्ली मागायला येतो, तिथं सगळे हात थांबले. कढईतल्या चकल्या काळ्या पडल्या तरी कुणी झारा उचलला नाही. कोपऱ्यातल्या एका अक्कांचे हात तेवढे चालू होते, मान खाली घालून. कथा कुणाची ते मला तिथंच कळलं. मी पान उलटलं.

पहिलं पान त्या कथेला दिल्याचं कळताच पुढच्या रविवारी अध्यक्ष तणतणत थेट स्वयंपाकघरात आले.

"वहिनी, पहिलं पान माझं. नाहीतर अंक निघणार नाही."

"मग तुम्हीच वाचून दाखवा," म्हणत मी कागद त्यांच्या हातात दिले.

त्यांनी खरंच वाचलं, आवाज चढवत, उतरवत. संपल्यावर एक बाई पीठ मळतामळता म्हणाल्या, "सरी, बरं, अण्णा. मग काय झालं?"

"मग काय? आम्ही परत आलो."

"हां," म्हणून त्यांनी सोऱ्या भरायला घेतला.

अध्यक्ष लाल झाले. "आणि ती दुसरी कथा? कोण एवढी मोठी लेखिका आहे, कळू दे तरी!"

कोपऱ्यातल्या अक्का उठल्या. हात पिठानं भरलेले. "माझी आहे, अण्णा. अंक नाही तर चकली पण नाही." त्यांनी गॅस बंद केला. एकेक करत सगळ्यांनी सोरे खाली ठेवले. मला ओरडावंसं वाटलं, इतका आनंद झाला.

अंक निघाला. प्रवासवर्णन मी शेवटी, पाककृतींच्या आधी घातलं. पुढच्या वर्षी मला काढून टाकलं. टाकू देत.

पण त्या वर्षीचा अंक छापून आला तेव्हा शेवटचा घाणा चालू होता. मी स्टुलावर बसले आणि पहिलं पान उघडून कथा पुन्हा वाचायला घेतली, या खेपेला आधी अक्कांचं नाव वाचून. अक्कांचे हात थांबले.