मैदानाकडे पाठ करून उभे राहणारे हनिफभाई

मॅच रंगात आली की हनिफभाई मैदानाकडे पाठ करून उभे राहत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणसाचं डोकं ठिकाणावर नाही. पलीकडे खेळाडू घामाघूम होऊन धावत होते, कोणी मल्याळममध्ये कोणाच्या नावाने ओरडत होतं, आणि टीमचे मॅनेजर म्हणवणारे हे गृहस्थ नुकत्याच बाहेर काढलेल्या, बाकावर मान घालून बसलेल्या खेळाडूकडे बघत होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "खेळणाऱ्याला बघायला सगळी दुनिया हाय, वहिनी. बाहेर बसलेल्याला कोण बघतो?"

मी तरी कुठे मॅच बघायला गेले होते? मी या माणसाला बघायला गेले होते. माझा नवरा सुधीर शारजातल्या आमच्या घरात "हं" आणि "बघू" एवढ्या भांडवलावर आख्खा आठवडा काढतो. रविवारी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातून फुटबॉल खेळून आला की मात्र त्याला कंठ फुटायचा. हनिफभाई असं म्हणाले, हनिफभाई तसं म्हणाले. त्यांचा फोन आला की साहेब गॅलरीत, दार ओढून घेऊन, खळखळून हसताना. मला त्या माणसाचा मत्सर वाटायचा. त्याला दुसरा सभ्य शब्द शोधत बसत नाही. एखादी बाई असती तर निदान कडाकडा भांडता आलं असतं. साठीला टेकलेल्या, रत्नागिरीकडच्या, ॲल्युमिनियमच्या कारखान्यातल्या फोरमनशी काय भांडणार, कपाळ? लेक म्हणाली, "ममा, आर यू सीरियसली जेलस?" मी म्हटलं, "मराठीत बोल."

ते मैदान म्हणजे कामगारांच्या इमारतींच्या मागे जाळी मारलेला, प्लॅस्टिकच्या हिरवळीचा एक तुकडा. कुठल्याही मोठ्या लीगला ज्यांचं नावही ठाऊक नाही अशा टीम तिथे खेळतात. सुधीरच्या टीममध्ये निम्मे कोकणातले, निम्मे केरळातले. कोणी स्टोअरकीपर, कोणी अकाउंटंट, आणि बहुतेकांची पोटं त्यांच्या आधी चेंडूपाशी पोचणारी. मी पाहिलं, प्रत्येक जण हनिफभाईंपाशी जाऊन काहीतरी कानात सांगून येत होता. म्हणजे रांगेत माझा नवरा एकटाच नव्हता. त्यानेही मला बरं वाटलं नाही.

त्या दिवशी सुधीरने गोलकीपरकडे परत द्यायला म्हणून चेंडू मारला, तो थेट आपल्याच जाळ्यात गेला. मॅच तिथेच गेली.

या टीमची एक रीत होती. हरल्यावर सगळे कोंडाळं करून बसायचे आणि ज्याच्या चुकीने मॅच गेली त्याला सुलेमानी, म्हणजे बिनदुधाच्या, चहाचा पहिला ग्लास हनिफभाई स्वतः द्यायचे. त्याने मनातलं सगळं बोलून टाकायचं. बाकीच्यांनी उत्तर द्यायचं नाही, धीर द्यायचा नाही, अक्कल शिकवायची नाही. "त्याने बोलायचा, आपण चहा प्यायचा, खलास," हा हनिफभाईंचा कायदा.

मी गाडीतून खोबऱ्याच्या वड्यांचा डबा घेऊन येत होते. सुधीरची माझ्याकडे पाठ होती. ग्लासात बघत तो म्हणाला, "लक्ष नव्हतं माझं. कंपनीने नोटीस दिलीय. दुसरीकडे नाही लागलं तर व्हिसा जाईल, सगळं गुंडाळून परत जावं लागेल. वृषालीला अजून सांगितलं नाही."

वृषाली म्हणजे मी. डबा हातात धरून मी त्याच्या मागेच उभी होते.

"हं," हनिफभाई म्हणाले. "अजून?"

पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"होय वहिनी. मी दर वेळेला त्याला बोलायचा, घरी सांग बाबा."

"मग मला का नाही सांगितलं त्याने? मी काय परकी आहे?"

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "परकी नाय म्हणून तर. माझ्यासमोर हरला तर त्याचा काय जातो? तुमच्यासमोर हरायचा म्हटला की त्याची जीभच उचलत नाय. इन्शाल्ला सांगेल. तुम्ही जरा थांबा."

थांबा म्हणे! माझ्याच नवऱ्यासाठी मी कुठे थांबायचं ते हे सांगणार. रागाने मला रडू आलं. घरी जाताना गाडीत मी सुधीरला बायोडेटा कसा लिहायचा, कोणाला भेटायचं, सगळं सांगितलं. तो "हं" म्हणाला.

पुढे त्याला नोकरी लागली ती माझ्या मैत्रिणीच्या ऑफिसात. मी शब्द टाकला म्हणून. आणि होकार आल्यावर त्याने पहिला फोन केला हनिफभाईंना. नोकरी लागल्याचं मला कळलं ते मैत्रिणीकडून. त्या दिवशी मी भाजीत मीठ घालायचंच विसरले, आणि सगळ्यांनी ती तशीच खाल्ली.

गेल्या वर्षी हनिफभाई कायमचे गावी गेले. एअरपोर्टवर सगळी टीम होती. मीही गेले होते, आणि खरं सांगते, मनातून खूश होते. मला वाटलं, आता सुधीर आपला. कसलं काय! रविवारची मॅच झाली की सुधीर खाली गाडीतच बसून हनिफभाईंना गावी फोन लावायचा आणि मग वर यायचा. वर येईपर्यंत त्याच्यातलं बोलणं संपलेलं असायचं.

परवा संध्याकाळी तो ऑफिसातून आला आणि बुटांसकट स्वयंपाकघरात शिरला. "हनिफभाई गेले," म्हणाला. "दुपारी. झोपेतच." ओट्याला टेकून तो बोलत राहिला. नोटीस मिळाली त्या दिवशी मैदानावर जाऊन कसा नुसताच बसला होता, माझ्यापुढे उभं राहायची कशी भीती वाटायची, सगळं. बोलता बोलता हुंदके देऊन रडायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं.

मी त्याला जवळ घेतलं. आमच्या संसारात पहिल्यांदाच एक बातमी त्याने सगळ्यांच्या आधी मला सांगितली होती. कारण ज्यांना तो आधी सांगायचा, ती बातमी त्यांचीच होती.