बिजनौर की लखीमपूर

"सोमवारपर्यंत नाव सांगा. बिजनौर की लखीमपूर," जनरल मॅनेजर साहेब फोनवर म्हणाले. "पोस्ट तीच, पगार तोच. फरक फक्त गावाचा."

मी तेव्हा मांजरसुंब्याच्या चौकात एका ढाब्यावर चहा पीत उभा होतो. आमच्या कारखान्याचा सीझन ऊस संपल्यामुळे लवकर आटोपला होता आणि मी बीडला घरी चाललो होतो. हे माझे पूर्वीचे साहेब. मूळचे उत्तरेकडचे, पण अर्धी नोकरी महाराष्ट्रात गेल्यामुळे मराठी झकास बोलतात. त्यांच्या नव्या कंपनीचे उत्तर प्रदेशात दोन साखर कारखाने. दोन्हीकडं मॅन्युफॅक्चरिंग केमिस्टची जागा रिकामी, आणि माझ्यावर मेहेरबानी म्हणून निवड माझ्याकडं दिलेली.

मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट म्हणजे उसाचा रस आत आल्यापासून पोत्यात साखर पडेपर्यंत मधे जे काही होतं, त्याला जबाबदार माणूस. त्यातला जीव असतो पॅनमध्ये. पॅन म्हणजे भलंमोठं बंद भांडं. त्यात हवा काढून घेऊन पाक शिजवतात आणि दाणा धरवतात. अधूनमधून थोडा पाक बाहेर घ्यायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा आणि उजेडाला धरून दाणा बघायचा. हे मी वीस वर्षं केलंय. त्यातले शेवटचे बारा सीझन घराबाहेर. कधी कर्नाटक, कधी गुजरात, कधी कोल्हापूरकडं. सगळीकडं एक खोली, एक कॉट, एक स्टोव्ह.

घरी गेल्यावर बायकोला, संगीताला, सांगितलं. ती ब्लाउजला हूक लावत होती. बीडच्या आमच्या घरात तिची दोन शिलाई मशीन आहेत आणि गल्लीतल्या अर्ध्या बायकांची मापं तिला तोंडपाठ आहेत. तिनं मान वर न करता ऐकून घेतलं.

"आवो, एकदाच सांगते," ती म्हणाली. "आर्या आता आठवीत हाय. नववीच्या आत न्यायचं आसंल तर आमाला न्या. एकदा दहावी-बारावीच्या चक्रात पोरगी घुसली की मी तिला हालवणार न्हाई. मग तुमी तिकडं अन् आमी हिकडं. पार रिटायर होऊस्तोर."

ती भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. पण तिनं भाव सांगावा तसं सांगितलं आणि परत हूक लावायला लागली. म्हणजे प्रश्न फक्त गावाचा नव्हता. आम्ही तिघं एका छपराखाली राहणार की नाही, हे ह्या वर्षी ठरणार होतं.

साहेबांकडून पंधरा दिवस मागून घेतले आणि मार्चमध्ये एकटाच बघायला गेलो. तिकडचा सीझन उशिरापर्यंत चालतो, त्यामुळे दोन्ही कारखाने धडाडून चालू होते.

बिजनौरचं माझं वीस मिनिटांत ठरलं. कारखाना शहरापासून चांगला लांब, पण पॅन नवेकोरे. पडद्यावर आकडे दिसतात, वाफ आपोआप कमीजास्त होते. तिथला पॅनमन, म्हणजे पॅन चालवणारा कारागीर, आमच्या माजलगावचा निघाला. शकूरभाई. पूर्वी एका कारखान्यात आम्ही तीन सीझन सोबत काढलेले. मला बघून त्यानं मिठीच मारली. "या बे साहेब! हितं काम न्हाईच, नुस्तं बघत बसायचं!" काचेवरचा दाणाही एकसारखा, चकचकीत. कॉलनीत क्वार्टर तयार. लखीमपूरला सगळं उलटं. पॅन माझ्यापेक्षा म्हातारे, वाफेचे व्हॉल्व्ह हातानं फिरवायचे, आणि क्वार्टर शिल्लक नाही. शहरात भाड्यानं घर बघा म्हणाले.

परत आलो आणि मोबाईलमधले फोटो संगीताला दाखवायला बसलो. मी भरपूर फोटो काढले होते. ती एकेक सरकवत गेली. पॅन. पॅनचा मीटर. साखर वाळवायचं मशीन. काचेवरचा दाणा, जवळून. काचेवरचा दाणा, अजून जवळून. शकूरभाई पॅनसोबत.

"ह्याच्यात गाव कुठंय?" तिनं विचारलं.

"हे काय, बिजनौर."

"ही टाकी हाय. मी टाकीत राहणार हाय का?"

आर्या फसकन हसली. मी सगळे फोटो परत चाळले. एकही फोटो बाजाराचा नव्हता, एकही शाळेचा नव्हता. क्वार्टरचासुद्धा नव्हता! दोन शहरं बघायला गेलतो आणि दोन पॅन बघून आलो होतो.

मग संगीतानं जो प्रश्न विचारला तो वीस वर्षांत मला एकदाही सुचला नव्हता. "सीझन संपल्यावर तिथं कोण राहतं?"

आम्हा साखरवाल्यांना गाव माहीत असतं ते फक्त सीझनमधलं. धुराडं चालू, उसाच्या गाड्यांच्या रांगा, हॉटेलं गच्च. सीझन संपला की बॅग भरायची आणि घर गाठायचं. मागं त्या गावाचं काय होतं ते आपण बघत नाही. मी शकूरभाईला फोन लावला.

"ऑफ सीझनला?" तो म्हणाला. "कॉलनीत मी आन दोन वॉचमन. बाकी सगळे आपापल्या गावाला."

"अन् साहेब लोकांच्या फॅमिली?"

"फॅमिली मेरठला राहते ना साहेब, लेकरांच्या शाळेपायी. साहेब हितं एकटेच. कावून? तुमी भाभीला आणायलेत का काय?"

फोन स्पीकरवर होता. संगीतानं माझ्याकडं बघितलं आणि कात्री उचलून कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन केला. "साहेब, मे महिन्यात परत एकदा बघून येऊ द्या. फॅमिलीला घेऊन."

"मे महिन्यात काय बघणार? कारखाने बंद असतात."

"तेच बघायचंय."

"इतक्या वर्षांत बंद कारखाना बघायला मागणारा तुम्ही पहिलेच. ठीक आहे. एक जूनला मला नाव पाहिजे. नाही आलं तर जागा दुसऱ्याला."

मे महिन्यात तिघं गेलो. ऊन असं, की बीडचं ऊन बरं म्हणायची पाळी आली. बिजनौरच्या कॉलनीत शकूरभाई एकटाच पुढं आला, हातात खरबूज घेऊन. सगळ्या क्वार्टरच्या खिडक्या बंद. रस्त्यावर पाचोळा, आणि त्यात आरामात फिरणारे मोर. "भाभी, हितं सीझनमधी माणसं आन ऑफ सीझनला मोर," शकूरभाई म्हणाला. आर्यानं मोरांचे फोटो काढले आणि मग विचारलं, "पप्पा, शाळेला मी कोणासोबत जायचं?" मी शकूरभाईकडं बघितलं, शकूरभाईनं खरबुजाकडं.

लखीमपूरला पोचलो तेव्हा परतीचं तिकीट दोन दिवसांवर होतं. शहर संगीताला आवडलं. फार काही नाही, पण बाजार बारा महिने चालणारा, पोरींची शाळा चालत जाण्यासारखी, आणि कापडाच्या दुकानाबाहेर दोन टेलर बसलेले बघून तिनं तिथंच उभं राहून त्यांचे काजे निरखले. "माझ्यासमोर टिकणार न्हाईत," म्हणाली. आता फक्त घर पाहिजे होतं.

पहिलं घर लगेच पसंत पडलं. दोन खोल्या, दारात आंब्याचं झाड. मालकांनी पाणी दिलं, माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. आमच्या आडनावावरून त्यांना काही पत्ता लागेना. मग त्यांनी सरळ जातच विचारली, "कौन बिरादरी?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडं बारा सीझनचं तयार उत्तर होतं. "महाराष्ट्र से हैं जी, मराठी हैं." ऐकणारा त्यातून त्याला पाहिजे ते समजून घेतो आणि मी घेऊ देतो. मी तोंड उघडायच्या आत संगीता बोलली.

"हम बौद्ध हैं."

मालक "अच्छा, अच्छा" म्हणाले. पाण्याचा ग्लास उचलून आत ठेवून आले. मग त्यांना आठवलं, की पुतण्या लखनऊहून राहायला येणार आहे.

रस्त्यावर आल्यावर मी चिडलो. "काय गरज होती? मराठी म्हणलं असतं तर भागलं असतं. दोन दिवस राहिलेत!"

"तुमचं भागलं असतं. तुमी दिवसभर कारखान्यात. घरात मी राहणार हाय. बुद्धाची मूर्ती पेटीत घालून ठिऊ? पोरीला काय सांगू, भाईर येगळं बोल अन् घरात येगळं?" ती भर उन्हात थांबली होती. "तसंच राहायचं आसंल तर माझं बीड काय वाईट हाय?"

आर्या शेजारीच उभी होती. मला लाज वाटली, स्पष्टच सांगतो. माझं शिक्षण, माझी नोकरी ज्या ताठ मानेनं जगणाऱ्या लोकांमुळे झाली, ते माझ्या गावातले साधे मजूर होते. मी मात्र पॅनपुढं ताठ आणि भाड्याच्या खोलीपुढं वाकलेला.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन ठिकाणी नकार आला. एकीकडं कारण मटणाचं, एकीकडं कारणच नाही. संध्याकाळी शेवटचा पत्ता होता. शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या, खालचा मजला द्यायचा होता. एव्हाना संगीता इतकी वैतागली होती, की जिन्याखालूनच एका दमात तिच्या हिंदीत सुरू झाली. आम्ही बौद्ध आहोत, रविवारी मटण शिजतं, शिलाई मशीन दिवसभर चालते, आणि चालत नसेल तर आत्ताच सांगा म्हणजे आमची गाडी चुकणार नाही.

बाईंनी चष्मा वर केला. "मशीन पैर वाली है कि मोटर वाली?"

"मोटर वाली."

"तो दोपहर दो से चार बंद रखना. मैं सोती हूँ."

बस, एवढीच मुलाखत. मी बाहेर पडून रस्त्यावरूनच साहेबांना फोन केला. "लखीमपूर."

"तिथले पॅन जुने आहेत, बघितलेत ना?"

"बघितलेत."

"मग बिजनौर का नको?"

"साहेब, इथं घर मिळालं."

त्यांना ते कारण पुरेसं वाटलं नसावं, पण नोंद करून घेतली. जुलैमध्ये रुजू झालो. पॅन खरंच वाईट आहेत. पहिल्या सीझनला व्हॉल्व्ह फिरवून फिरवून खांदे गेले, आणि शकूरभाई अजून फोन करून चिडवतो, की "आमी तर हितं नुस्तं बघायलोत बे." कुणी धंद्यातलं माणूस सल्ला विचारायला आलं, तर मी एवढंच सांगतो: नवं गाव कारखाना बंद असताना बघा, आणि जी माणसं तिथं दिवसभर राहणार आहेत त्यांना सोबत न्या.

पण रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यातली एक गोष्ट राहिली. सामान लावून दमलेल्या दोघी झोपल्या होत्या. मी सकाळी लवकर आवरलं, चहा करून घेतला, कप धुऊन पालथा घातला आणि कारखान्यात गेलो. नऊच्या सुमारास घरमालकीणबाईंचा फोन. आवाज चढलेला.

"आप होश में हैं? बीवी-बच्ची को ताला लगाकर चले गए!"

मी खिशात हात घातला. किल्ली खिशात होती. बारा सीझन खोलीतून निघताना जे केलं तेच हातानं आपोआप केलं होतं. मोटरसायकलवरून कसा आलो ते आठवत नाही. आर्या बाईंनी खिडकीच्या गजातून दिलेले पोहे खात होती आणि हसून हसून तिला ठसका लागला होता. वरून बाई बोलतच होत्या. मी कुलूप काढलं. मलाही हसू यायला पाहिजे होतं, पण दार उघडलं, संगीता समोर दिसली आणि मला रडू कोसळलं. उंबऱ्यातच बसलो.

संगीतानं माझ्या हातातून कुलूप आणि किल्ली काढून घेतली.

"हे माझ्याकडं राहील," ती म्हणाली. "जायच्या टायमाला आवाज द्यायचा. 'येतो' म्हनायचं. मी आतून कडी लावते."

बारा सीझन मी कुणाला 'येतो' म्हणालोच नव्हतो.