मालनबाई या वयातही किती ॲक्टिव्ह आहेत

मालनबाईंच्या आयुष्यात ‘ॲक्टिव्ह’ हा शब्द वयाच्या सहासष्टाव्या वर्षी आला. त्याआधी तीस वर्षं त्यांनी घनसावंगीच्या अंगणवाडीत पोरांची नाकं पुसली, खिचडी शिजवली, घरी येऊन नवऱ्याचं आणि दोन लेकरांचं केलं, सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या रानात कापूस वेचला. तेव्हा त्यांना कुणी ॲक्टिव्ह म्हटलं नाही. तेव्हा ते नुसतं काम होतं. मग निवृत्ती झाली, पाठोपाठ नवरा शिवाजी वारला, आणि मुलगा भारत त्यांना नवीन जालन्यात आपल्या घरी घेऊन आला. तो एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात आहे. “आता आईनं फक्त आराम करायचा,” असं तो गावातल्या चार माणसांसमोर म्हणाला होता. जालन्यात आल्यावर दीडएक आठवड्यात तो शब्द निघाला.

शब्द इंग्रजी असला, तरी त्याचा वापर शिकायला शाळेत जावं लागत नाही. तो साठीपुढच्या बाईला लावतात. तिशीतली सून पाण्याची पिंपं भरते तेव्हा ती ॲक्टिव्ह नसते, ती सून असते. साठीपुढच्या पुरुषालाही तो सहसा लागत नाही. भारतची बायको दीपमाला बँकेत नोकरी करते. तिचे वडील तातेराव पाठ दुखते म्हणून दिवाळीत मुलीकडे आले, ते राहिलेच. मालनबाईंपेक्षा ते दोन वर्षांनी लहान. सकाळी खुर्चीत पेपर, दुपारी त्याच खुर्चीत डुलकी. त्यांच्याबद्दल घरात “थकले हो आता,” असं हळू आवाजात बोललं जाई. थकलेल्या माणसाला चार वाजता चहा लागतो. तो ॲक्टिव्ह माणूस करून देई.

शब्द वापरायची वेळही ठरलेली. एक तर पाहुणे समोर असताना, नाही तर काम सांगायच्या एक वाक्य आधी.

“आई, खरंच तुम्ही किती ॲक्टिव्ह आहात. आमच्या बँकेतल्या बायका चाळिशीतच कण्हायला लागतात,” दीपमाला पर्स खांद्याला लावत म्हणे. “छकुलीची शाळेची व्हॅन साडेबाराला येते. आणि आज नळाचा दिवस आहे बहुतेक.”

नळाचा दिवस म्हणजे काय, हे जालनेकराला सांगायला नको. पाणी आठ-दहा दिवसांनी येतं आणि येण्याआधी फोन करत नाही. कुणीतरी घरात थांबावं लागतं, कान नळाकडे ठेवून. आलं की खाली अंगणातले हंडे, बादल्या, मग जिन्यावरून वरची पिंपं, मग गच्चीवरची टाकी. दोन वर्षं त्या घराचे कान आणि जिना मालनबाईच होत्या.

मार्चमध्ये त्यांचा उजवा गुडघा सुजला. भारतनं सुट्टी काढून दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर काहीबाही लिहिलं, गोळ्या दिल्या. सूज उतरली तशी एक्स-रेची पिवळी पाकिटं कपाटावर गेली. पुढच्याच महिन्यात भारतनं नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. त्यात मालनबाई गच्चीवर टाकीत अर्ध्या वाकून आतून टाकी घासत होत्या. खाली लिहिलं होतं, ‘वय अडुसष्ट. माझी ॲक्टिव्ह आई.’ त्याला छत्तीस जणांनी टाळ्या वाजवल्या. टाकी घासायला छत्तिसांतलं कुणी आलं नाही, पण ते परगावचे होते म्हणून सोडून देऊ.

जूनच्या शेवटी घनसावंगीहून बेबीनंदाचा फोन आला. बेबीनंदा तिथल्या बुद्धविहाराची किल्ली सांभाळते. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. मालनबाईंच्या हौसेचं ते एकच काम. बावीस वर्षं त्यांनीच वाचलं. त्या वाचायला लागल्या की उसाला पाणी देऊन आलेले पुरुषसुद्धा मागे येऊन बसत. गेली दोन वर्षं त्या जालन्यात होत्या.

“जयभीम. मालन, यंदा येती का न्हाई ते बोल,” बेबीनंदा म्हणाली. “दोन साल आम्ही त्या पोरीचं ऐकलं. ती वाचती का एसटीची घोषणा करती, कळतच न्हाई. बाया उठून जाऊ राहिल्या. तू येणार नसलीस तर आम्ही यंदा कायमचीच दुसरी ठरवितो. रविवारपर्यंत सांग.”

‘कायमची’ हा शब्द मालनबाईंना लागला. त्या रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. तीन महिने गावी जाईन म्हणते. वाचनाला.

कुणी नाही म्हणालं नाही. नाही म्हणणारं घरच नव्हतं ते. सगळ्यांनी कौतुक केलं.

“आई, तुम्ही इतक्या ॲक्टिव्ह आहात, तर इथल्या विहारातच वाचा की. पाच मिनिटांवर तर आहे,” दीपमाला म्हणाली.

“इथं वाचणारे हायेत ठरलेले. मला कोण विचारतं?”

“आणि गावाकडं करशील काय दिवसभर?” भारत म्हणाला. “तुझ्यासारख्या माणसाला बसवत न्हाई, आई. बसलीस की आजारी पडशील बघ. तू ॲक्टिव्ह हायेस म्हणून तर तुझी तब्येत टिकून राह्यली.”

“गुडघा?”

“चालता ठेवला की बराबर राहतो.”

तातेरावांनी भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि म्हणाले, “विहीणबाईंचं आपल्याला कौतुक वाटतं. आपल्याच्यानं होत न्हाई एवढं.” हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

दुसऱ्या दिवशी नऊ वर्षांची छकुली गृहपाठ घेऊन बसली. इंग्रजीच्या बाईंनी विशेषणांची वाक्यं करायला सांगितली होती. तिनं लिहिलं होतं, माझी आजी ॲक्टिव्ह आहे.

“म्हंजे काय गं नेमकं?” मालनबाईंनी विचारलं.

“उत्साही. चपळ. सारखं काहीतरी करायला आवडणारा माणूस.”

“आवडणारा?”

“हो, बाईंनी फळ्यावर लिहिलंय.”

मालनबाई बराच वेळ लसूण सोलत राहिल्या. शब्दात आवडायचंही असतं, हे त्यांना दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांची मुलगी भावना परभणीहून आली. न कळवता, आणि रिकामी बॅग घेऊन. आल्या आल्या तिनं सांगून टाकलं, की तिला एका शाळेत तीन महिन्यांसाठी बदली शिक्षिकेची नोकरी मिळाली आहे, घरी दीड वर्षाचं लेकरू आहे आणि ती आईला न्यायला आली आहे.

“दादा, तूच सारखं सांगतोस ना, आई किती ॲक्टिव्ह हाय. मंग मला काय टेन्शनच न्हाई.”

भारतच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. दीपमाला स्वयंपाकघरातून बाहेर आली. नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या घरात दोन वर्षांत पहिल्यांदाच मालनबाई म्हाताऱ्या झाल्या.

“अगं, आईचं वय काय,” भारत म्हणाला. “अडुसष्ट. तिला आता होत न्हाई, भावना.”

“परवा तर टाकी धुऊन राह्यली होती. मी स्वतः टाळ्या वाजविल्या.”

“त्यानंच तर त्रास वाढला, ताई,” दीपमाला म्हणाली. “तुम्ही लांब असता, तुम्हाला दिसत नाही. आम्ही रोज बघतो ना. उठताना भिंत धरावी लागते त्यांना.”

मालनबाई दारातल्या स्टुलावर शेंगा फोडत होत्या. भिंत कुणाला दिसली होती, हे त्यांना आजच कळत होतं.

“मला न द्यायची कारणं हायेत ही,” भावना म्हणाली. “जल्दी सांगा, मला दुपारची गाडी धरायची.”

“कारणं?” दीपमाला दुखावली. तिनं खुर्ची सरकवली, चढून कपाटावरची पिवळी पाकिटं काढली, पदरानं धूळ पुसली. मार्चपासून पहिल्यांदाच तो एक्स-रे उजेडासमोर धरला गेला. भारतनं बोट ठेवून दाखवलं. तातेरावही उठून आले आणि चष्मा वर करून म्हणाले, “हाड झिजलंय की पार.” मग दीपमालानं डॉक्टरांची चिठ्ठी शोधली आणि बँकेत अर्ज तपासावा तशी खणखणीत वाचली. वजन उचलायचं नाही. जिना चढायचा नाही. मांडी घालून बसायचं नाही. खुर्चीवर बसायचं. किमान तीन महिने पूर्ण विश्रांती.

“ऐकलंस?” भारत बहिणीला म्हणाला. “तीन महिने. आता अशा माणसाकडून तू लेकरू सांभाळून घेणार का? काही वाटतं का?”

भावनानं वाकून बघितलं. चिठ्ठीवर सही-शिक्का होता.

“बघू,” मालनबाई म्हणाल्या. त्यांनी हात झटकले, चिठ्ठी घेतली आणि चष्मा लावून स्वतः वाचली. अक्षर डॉक्टरचं होतं तरी त्यांना लागलं. अंगणवाडीत त्यांनी याहून वाईट अक्षरं वाचली होती. “बराबर हाय. मार्चातली विश्रांती अजून बाकीच हाय. खुर्चीवर बसायचं, बाकी काही न्हाई करायचं. मंग मी बेबीनंदाला सांगते. विहारात खुर्ची हाय.”

“आई,” भारत म्हणाला, “पण नळ...”

“तिला वजन उचलायचं न्हाई, दादा,” भावना म्हणाली.

“मंग पाणी कोण भरणार?” तातेरावांनी अगदी निर्मळ मनानं विचारलं. सगळे नुसते त्यांच्याकडे बघत राहिले, तेव्हा ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसले आणि कमरेला हात लावला.

भावना दुपारी निघाली. मालनबाई फाटकापर्यंत गेल्या.

“मला खरंच गरज होती गं,” ती म्हणाली. “माझ्याकडं तुला काम न्हाई, आरामच दिला असता.”

“भारतनंबी आरामालाच आणलं होतं मला.”

भावनानं रिकामी बॅग दुसऱ्या हातात घेतली. ती रागावली होती आणि तिचं चूकही नव्हतं. पण मालनबाईंनी तिला हाक मारून थांबवलं नाही. रिक्षा वळल्यावर फाटकाला टेकूनच बेबीनंदाला फोन लावला.

संध्याकाळी भारत एकदा येऊन बसला. पंधरा दिवस जाऊन ये, म्हणाला. तीन महिने फार होतात.

“चिठ्ठी तू वाचून दाखविलीस का मी?”

“दीपमालानं वाचली.”

“मंग तिला विचार.”

तो उठून गेला. दीपमाला दोन दिवस मोजकं बोलली. तिसऱ्या दिवशी तिनं शेजारणीला सांगितलेलं मालनबाईंनी ऐकलं, “आम्हीच म्हटलं, जा आता विश्रांतीला. कोणी किती दिवस राबवायचं म्हाताऱ्या माणसाला.” शेजारीण म्हणाली, अशी सून मिळायला नशीब लागतं.

घनसावंगीच्या विहारात खुर्चीवरून थोडं वाजलं. सगळ्या बाया खाली सतरंजीवर आणि वाचणारी वर, हे कसं दिसतं, असं एक-दोघी म्हणाल्या. बेबीनंदानं खुर्ची मूर्तीच्या समोरून काढून बाजूला, खिडकीपाशी ठेवली आणि विषय संपवला. पौर्णिमेच्या संध्याकाळी मालनबाईंनी वाचायला सुरुवात केली. आवाज दोन वर्षांत बसला होता. पहिलं पान अडखळत गेलं, तिसऱ्या पानाला लय लागली, मागचे पुरुष पुढे सरकले. अकरा पानं झाली. कुणी उठून गेलं नाही.

वाचन संपलं, बाया पांगल्या. बेबीनंदा आणि आणखी एक बाई सतरंजी गुंडाळायला लागल्या तशा मालनबाई सवयीनं अर्ध्या उठल्या.

“कुठं निघालीस? बस,” बेबीनंदा म्हणाली.

त्या बसल्या. हातांचं काय करावं कळेना, म्हणून ते त्यांनी मिटलेल्या ग्रंथावर ठेवले. सतरंजीची गुंडाळी त्यांच्या पायांपर्यंत आली आणि थांबली. दोघी वाकून वाट बघत होत्या. मालनबाईंना कळायला क्षणभर गेला. मग त्यांनी दोन्ही पाय वर उचलले.