चौसाळ्याच्या डोंगरावरची आगचौकी

"अगं, डोंगर पेटलाय!" वन्सं टमटममध्ये अर्धवट उठून ओरडल्या.

चौसाळा मागे टाकून आम्ही नुकतेच बालाघाटाच्या रांगेकडे वळलो होतो. समोरचा उतार खरंच तांबडालाल दिसत होता. टमटमवाल्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं आणि हसला.

"पळस हाय तो, मावशी. आग असती तर तुमाला घेऊन इकडं कावून (कशाला) आलो असतो?"

वन्सं म्हणजे माझी नणंद. साठी ओलांडल्यावर आम्ही दोघींनी ठरवलं, की लग्नकार्य आणि देवदर्शन सोडून कुठेतरी उगाचच जायचं. यंदा बीडला भाचीकडे उतरलो होतो. आगचौकीचं तिनेच सांगितलं. वणवा विझवणाऱ्या पथकाचा तो जुना तळ. पथक केव्हाच दुसरीकडे हललं, पण इमारत गावाने जपलीय. आम्हाला तेवढं निमित्त पुरलं.

रस्ता संपला तिथून पायवाट होती. वर पोहोचेपर्यंत आमच्या साड्यांच्या काठांना इतकी कुसळं चिकटली, की मूळची नक्षी दिसेना. चौकी म्हणजे काळ्या दगडाची बैठी इमारत. निम्म्या भागावर पत्रे, निम्म्यावर टेहळणीची गच्ची. भोवती गवत काढून बोडका ठेवलेला रुंद पट्टा. भाचीने आधीच कळवलं होतं, त्यामुळे दाराशी एक म्हातारं जोडपं आमची वाट पाहत होतं. शेषेराव पूर्वी पथकात होते आणि सुभद्राबाई पथकाचा स्वयंपाक करायच्या. किल्ली आता त्यांच्याकडेच असते.

आत टायरच्या पट्ट्या ठोकलेले लांब दांडे भिंतीला टेकवलेले होते. "ह्यानं आग झोडपायची," शेषेरावांनी एक दांडा उचलून दाखवला. सगळ्या खोल्यांना चुना लावलेला, फक्त चुलीमागची भिंत काळीकुट्ट.

"ही तेवढी राहिली का?" मी विचारलं.

"मी लावू दिला न्हाई चुना," सुभद्राबाई म्हणाल्या. "ती काजळी माज्या चुलीची हाय."

मग दोघांनी मिळून ती गोष्ट सांगितली. म्हणजे सांगत शेषेराव होते आणि दुरुस्त्या बाई करत होत्या. एका उन्हाळ्यात भर दुपारी खालचा उतार पेटला. माणसं दांडे घेऊन उतरली.

"आमी आग आवरत आणलीच हुती..."

"काय आवरली हुती? वारं फिरलं आन् पळता भुई थोडी झाली!"

"बरं बाई, वारं फिरलं. धुराच्या पोटातच गेलतो आमी. स्वतःचा हात दिसंना, चौकी कुठली दिसतीया?"

बाई त्या वेळी भाकऱ्या थापत होत्या. धूर पाहिला तशी त्यांनी पितळी परात उचलली, गच्चीवर चढल्या आणि उलथन्याने ती बडवायला लागल्या. त्या आवाजाच्या रोखाने एकेक जण खोकत, ठेचकाळत वर आला. सगळे आले, शेषेराव मात्र आले नाहीत.

इथे शेषेरावांनी हातातला दांडा भिंतीला टेकवला. दाराबाहेर बघत राहिले.

"खालून सगळे वरडत हुते, सुभद्रे, खाली ये, आग पट्ट्यापत्तुर आली," बाई म्हणाल्या. "मी म्हणलं, हे येईस्तवर मी हात थांबवायची न्हाई. डोळे मिटले आन् बडवत राहिले. ह्यांचा पाय मुरगळला हुता. रांगत आले."

आग बोडक्या पट्ट्याशी येऊन अडली आणि दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेली. सगळे आत, ओली पोती तोंडाशी धरून बसले होते.

वन्संनी डोळे पुसले. "मग यांना पाहिल्यावर काय म्हणालात हो?"

"काय म्हणणार!" शेषेराव एकदम हसले. "म्हणली, तुमच्यापायी तव्यावरची भाकरी करपली!"

आम्ही चौघंही पोट धरून हसलो. त्या भरात वन्सं शिडीने गच्चीवर चढल्या, आणि उतरायला मात्र तयार होईनात. शेवटी सुभद्राबाईंनी खालून त्यांचा एकेक पाय धरून पायरीवर ठेवला.

जेवायला ज्वारीची भाकरी, ठेचा आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची) होती. जेवताना पुढचं कळलं. पथक हलल्यावर इमारत पाडायचं ठरलं आणि मजूर पहारी घेऊन आले. बाईंनी चूल पेटवली. "आधी जेवा, मग पाडा," म्हणाल्या, आणि वाढता वाढता हीच गोष्ट सांगितली. मुकादमाने हात धुतले. "मावशी, मी न्हाई लावत पहार," म्हणाला आणि माणसं घेऊन परत गेला. मग गावकरी वनखात्याच्या साहेबांना भेटले, साहेब स्वतः येऊन बघून गेले. गावाने सांभाळावी या बोलीवर इमारत राहिली. आता दर उन्हाळ्याआधी सगळं गाव येऊन पट्ट्यातलं गवत काढतं.

आम्ही डोंगर उतरलो. चौसाळ्याला एसटीत बसल्यावर वन्सं म्हणाल्या, "घरी गेल्यावर शेजारची शोभा विचारेल, बीडला पाहण्यासारखं काय होतं. काय सांगायचं?"

मला किल्ले आठवले, समाध्या आठवल्या. आपण पाहायला जातो ती बहुतेक ठिकाणं कुणीतरी पडलं तिथली. माणसं जिवंत परत आली म्हणून जपलेली जागा मी तरी ही पहिलीच पाहिली.

"सांगू," मी म्हणाले, "एक दगडी घर होतं. गेलेले सगळे तिथे परत आले."